यहोवाचे साक्षीदार, रशियातले तुरुंग आणि आमची पत्रं

रशियातल्या तुरुंगात पत्र पाठवायचं असेल तर ते रशियनमध्येच लिहावं लागतं. दुसऱ्या भाषेतलं पत्र तपासनिसाच्या टेबलावरच अडकतं. मजकुरात खटल्याबद्दल चकार शब्द चालत नाही. आरोप, तपास, पोलीस, न्यायाधीश, काहीच नाही. पाकिटावर कैद्याचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट लिहायचं आणि पुढे जन्मसाल घालायचं, कारण एकाच नावाची दोन माणसं एका तुरुंगात असू शकतात. हे नियम मला २०१९ च्या सुरुवातीला कळले आणि तेव्हापासून पुण्यात बसून मी अशा पत्रांची भाषांतरं करते आहे. ही पत्रं ज्यांना जातात त्यांनी चोरी केलेली नाही, कुणावर हात उगारलेला नाही. ते यहोवाचे साक्षीदार आहेत. चार माणसांनी एकत्र जमून बायबल वाचायचं, गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, एवढ्यावरून रशियात त्यांच्यावर फौजदारी खटले चालतात.

आपल्याकडे या पंथाची ओळख बहुतेकांना दारावरची बेल वाजल्यावर होते. नीटनेटके कपडे, हातात पुस्तिका, बोलणं अतिशय सौम्य. स्टेशनाबाहेर किंवा बागेच्या फाटकाशी छोटी ट्रॉली घेऊन उभे असलेले तेच. मलाही त्यापलीकडे काही माहीत नव्हतं. आमचं घर वारकऱ्यांचं. वडील होते तोवर त्यांची आषाढी वारी कधी चुकली नाही. रशियन मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि पुढे पोटापाण्यासाठी कारखान्यांची कागदपत्रं भाषांतरित करत राहिले: पंप, व्हॉल्व्ह, निविदा, देखभालीच्या सूचना. देवाधर्माच्या मजकुराशी माझा कधी संबंध आला नव्हता.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर काकू राहतात. मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती घरातल्या, आयुष्यभर परिचारिका म्हणून राबलेल्या. मधल्या वयात त्या साक्षीदार झाल्या. एका संध्याकाळी त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या.

"अगं, तुला रशियन येतं ना? आमच्या मंडळीतल्या पोरांनी नि बायकांनी पत्रं लिहिलीत. तिकडे आपले भाऊ तुरुंगात आहेत. मराठीत पाठवून काय उपयोग, सांग."

"काकू, कोणते भाऊ?" मी विचारलं. मला वाटलं, नात्यातलं कुणी असेल.

त्यांनी मला बसवून सगळं सांगितलं. मग रात्री मी स्वतः रशियन बातम्या आणि न्यायालयाचे कागद वाचत बसले. ही माझी सवय आहे, कारखान्याचं काम घेतानाही मी यंत्र कशाचं आहे ते आधी समजून घेते.

२० एप्रिल २०१७ रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने यहोवाच्या साक्षीदारांची मध्यवर्ती संस्था आणि तिच्या ३९५ स्थानिक संस्था 'अतिरेकी' ठरवून बरखास्त केल्या. तेव्हा रशियात या पंथाचे पावणेदोन लाखांच्या आसपास लोक होते. आधार होता २००२ च्या अतिरेकविरोधी कायद्याचा. हा कायदा मुळात हिंसाचार करणाऱ्यांसाठी आणला, पण २००६ मध्ये त्यात बदल झाला आणि धार्मिक कारणावरून अतिरेकी ठरवायला हिंसेची अटच उरली नाही. आपला धर्म इतरांपेक्षा श्रेष्ठ असं सांगणंही त्यात बसू लागलं. आता मला सांगा, आपलाच मार्ग खरा असं कुठल्या पंथाचे लोक मानत नाहीत? साक्षीदार तर बंदूक हातात धरत नाहीत, सैन्यात जात नाहीत, निवडणुकीतही भाग घेत नाहीत. त्यांना जिहादी टोळ्यांच्या यादीत बसवलं गेलं.

सरकारचं म्हणणं असं की आम्ही संस्था बंद केली, श्रद्धा नाही. घरी बसून वाटेल ते माना. पण दंडसंहितेचं कलम २८२.२ बंदी घातलेल्या संस्थेचं काम चालू ठेवणाऱ्याला शिक्षा देतं, आणि घरात सात-आठ माणसं जमून बायबल वाचायला बसली की पोलिसांच्या लेखी ते संस्थेचं काम होतं. साध्या सहभागाला सहा वर्षांपर्यंत, आयोजन करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास.

पहिला बळी डेनिस क्रिस्टेन्सेन. हा डेन्मार्कचा नागरिक, व्यवसायाने सुतार, रशियन बायकोबरोबर ओर्योल शहरात स्थायिक झालेला. त्याला २५ मे २०१७ रोजी सभेतूनच पकडलं. डिसेंबर २०१८ मध्ये खुद्द पुतिन मानवाधिकार परिषदेच्या बैठकीत म्हणाले होते की साक्षीदार हेही ख्रिस्तीच आहेत, त्यांचा छळ का होतो ते मला नीट कळत नाही. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, ६ फेब्रुवारी २०१९ ला क्रिस्टेन्सेनला सहा वर्षांची शिक्षा झाली. काकू कागद घेऊन आल्या त्या या निकालानंतर.

मी हो म्हटलं. पैशाचा विषय त्यांनी काढला, तो मी तिथेच मिटवला.

गठ्ठ्यातली पत्रं वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं की ती जशीच्या तशी जाणारच नाहीत. "तुमच्यावर फार अन्याय झाला", "खोट्या आरोपांमुळे तुम्हाला", "दुष्ट लोकांना शिक्षा होईल" अशी वाक्यं प्रत्येकाने मनापासून लिहिली होती. यातलं एक वाक्य दिसलं तरी अख्खं पत्र अडकायचं. मग मी काकूंच्या घरी सगळ्यांना बोलावलं आणि समजावून सांगितलं, की खटल्याबद्दल काही लिहू नका, तुमच्या घराबद्दल लिहा, काल काय जेवलात ते लिहा. कोठडीतल्या माणसाला अन्याय झाला हे आपण सांगायची गरज नाही, त्याला बाहेरचं जग हवं असतं. मुलांना हे लगेच जमलं. मोठ्या माणसांना वेळ लागला, कारण दुःखी माणसाला लिहायचं तर गंभीरच लिहायला हवं अशी आपली समजूत असते.

नावाची गोष्ट मात्र सगळ्यांना पटकन कळली. रशियन माणसाचं मधलं नाव वडिलांच्या नावावरून येतं, आपल्यासारखंच. "म्हणजे आपलं माधवराव, बाळासाहेब, तसं मधे बापाचं नाव," असं एका आजींनी शेजारणीला समजावलं. पिनकोडही आपल्यासारखाच सहा आकडी. लिहिताना सुरुवात नाव आणि वडिलांचं नाव घेऊन करायची, ती तिथली आदराची रीत. दहा वर्षांच्या मुलीने पन्नाशीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारलेली मलाच बरी वाटेना.

बायबलमधल्या वचनांपाशी काम खरं किचकट झालं. साक्षीदारांचं स्वतःचं बायबलचं भाषांतर आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये व्हिबोर्गच्या न्यायालयाने त्या रशियन भाषांतरालाच अतिरेकी साहित्य ठरवलं. म्हणजे त्यातली एक ओळ पत्रात उतरवली तर कैद्याच्याच अंगाशी यायची. म्हणून मी वचनं सिनोदल भाषांतरातून घेते. हे १८७६ साली पूर्ण झालेलं, रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या मान्यतेचं भाषांतर. ते कुणी अडवू शकत नाही. पण त्यात स्तोत्रांचे क्रमांक वेगळे आहेत. एका मुलाने मेंढपाळाच्या स्तोत्रातलं वचन लिहून खाली '२३:४' असा आकडा घातला होता. सिनोदलमध्ये ते स्तोत्र बाविसावं. ग्रीक बायबलात नववं आणि दहावं स्तोत्र एकत्र धरलंय, तेव्हापासून आकडे एकाने मागे पडतात आणि शेवटाकडे पुन्हा जुळतात. मी एक तक्ता करून भिंतीला लावला आणि प्रत्येक आकडा त्यावरून ताडून पाहू लागले. कैद्याने आपल्याजवळच्या प्रतीत ते वचन शोधलं तर त्याला ते सापडायलाच हवं.

त्यांचे नियमही मला पाळावे लागतात. साक्षीदार वाढदिवस करत नाहीत, त्यामुळे पाकिटावर जन्मसाल असलं तरी आत वाढदिवसाच्या शुभेच्छा नकोत. रशियात नववर्ष हा सगळ्यात मोठा सण, पण तोही नाही. त्यांची ही शिस्त मला पटते असं नाही, काकूंशी मी त्यावर वाद घालते. पत्रात मात्र माझं मत घालत नाही.

त्या गठ्ठ्यातलं एक पत्र मला कायम लक्षात राहील. ते एका गृहिणीचं होतं आणि अख्खं पत्र कुरडयांवर होतं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून पिळून चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून द्यायचं, सकाळी चीक शिजवायचा, तो ढवळताना हात भरून येतात, आणि गरम गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर घालायचा. पोरं चीक खायला मागे लागतात. ऊन कडक पाहिजे. मी व्हॉल्व्हच्या देखभालीच्या सूचना जितक्या काळजीने भाषांतरित केल्या असतील तितक्याच काळजीने ते केलं. कुठलीही पायरी गाळली नाही आणि शेवटी सोऱ्याचं चित्र काढून जोडलं.

टपालात टाकायला मी स्वतः जाते. पाकिटावर पत्ता रशियन लिपीत आणि देशाचं नाव इंग्रजीत. काउंटरवरच्या बाईंनी पत्ता उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मुलगा डॉक्टरकी शिकतोय का तिकडे?" आपल्याकडून इतकी मुलं तिकडे एमबीबीएसला जातात की हा प्रश्न साहजिकच. मी म्हटलं, नाही, एक ओळखीचे आहेत. अजून आम्ही एकमेकांना पाहिलंही नव्हतं, पण खोटं बोलले असं मला वाटलं नाही.

उत्तराची सोय करणं हा वेगळा प्रश्न होता. तिकडे पत्रं लिहिणारे लोक आत कोरे कागद आणि तिकीट छापलेलं पाकीट ठेवतात, म्हणजे कैद्याला खर्च नको. आपली तिकिटं तिथे चालत नाहीत. शेवटी कझानला शिकणाऱ्या ओळखीतल्या एका मुलीने सुट्टीला येताना तिकडची पाकिटं आणि तिकिटं आणून दिली. त्या पाकिटांवर पिनकोडसाठी ठिपक्यांचे चौकोन असतात, आकडे ठरावीक वळणानेच काढावे लागतात. मुलांनी ते वहीत गिरवून घेतलं.

मग वाट पाहणं. काकू रोज खाली उतरून टपालपेटी उघडायच्या. मी त्यांना सांगायचे की काकू, पत्र आधी तपासलं जातं, मग दिलं जातं, उत्तरही तपासलं जातं. घाई करून चालणार नाही. त्या "हो गं" म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरायच्या.

पहिलं उत्तर आलं ते वहीच्या चौकटीच्या कागदावर, कोपऱ्यात तुरुंगाच्या तपासणीचा शिक्का. रशियन हस्ताक्षर छापील अक्षरांपेक्षा फार वेगळं असतं. जलद लिहिताना तीन-चार अक्षरं नुसत्या एकसारख्या उभ्या रेघा होऊन जातात, त्यात शब्द कुठे संपतो ते पाहायला भिंग लागतं. वर्षानुवर्षं मी टंकलिखित कागद वाचले होते, त्यामुळे आधी दोन ओळीच सुटल्या. मग मी कागद खिडकीपाशी नेला, एकेक रेघ मोजली, आणि तास-दीड तासात पूर्ण पत्र उलगडलं. काकू शेजारी बसून होत्या. मी ओळ सुटेल तशी मराठीत सांगत गेले.

लिहिणारा पन्नाशी उलटलेला वीजतंत्री होता. कच्चा कैदी, खटला अजून चालू. कोठडीत बरेच जण, त्यातले बहुतेक चोरी-अमली पदार्थांच्या गुन्ह्यातले, त्याच्या पंथाचा तो एकटाच. दिवसातून एक तास वर जाळी मारलेल्या छोट्या चौकात फिरायला सोडतात. चहाचं पाणी पेल्यात वायरची गुंडाळी सोडून तापवतात. त्याला कुरडयांचं पत्र मिळालं होतं. ते त्याने कोठडीत मोठ्याने वाचून दाखवलं. त्यावर दोन दिवस चर्चा चालली की गच्चीवर उघड्यावर वाळत घातलेलं पक्षी कसं खात नाहीत. गाडी चोरल्याच्या आरोपावरून आत असलेल्या एका तरुणाचं म्हणणं, वर जाळी लावत असतील. दुसरा म्हणे, एक माणूस काठी घेऊन बसत असणार. तर कृपा करून हे विचारून कळवावं, अशी विनंती होती. काकू हसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. उत्तर लिहिणाऱ्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी दोन पानं भरून दिली. गच्चीवर राखणीला नातवाला बसवतात, आणि तोच सगळ्यात जास्त ओला चीक खातो.

पत्राच्या शेवटी त्याने आपल्या आईबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. ती लहान असताना, १९५१ साली, तिच्या आईवडिलांना पश्चिम युक्रेनमधून सैबेरियात नेऊन सोडलं. तो स्वतः इर्कुत्स्क भागात जन्मला. हे वाचल्यावर मी तो इतिहास शोधला. एप्रिल १९५१ मध्ये स्टालिनच्या राजवटीने युक्रेन, बेलारूस, मोल्दाविया आणि बाल्टिक भागातल्या साक्षीदार कुटुंबांना एकाच मोहिमेत उचललं, आठ हजारांहून अधिक माणसं. लहान मुलं, म्हाताऱ्या, सगळी मालगाडीच्या डब्यांत घालून सैबेरियात पाठवली आणि जन्मभर तिथेच राहायचं असं ठरवलं. १९६५ मध्ये बंधन उठलं, पण घरं-जमिनी परत मिळाल्या नाहीत. मार्च १९९१ मध्ये त्यांना कायदेशीर मान्यता मिळाली. पुढे त्यांच्यातल्या अनेकांना राजकीय छळाचे बळी म्हणून सरकारी दाखले मिळाले. दाखला देणारं राज्य आणि त्याच घरात पुन्हा पहाटे झडतीला येणारं राज्य, यांत जेमतेम पंचवीस वर्षांचं अंतर. याचा मला अजूनही संताप येतो.

माझ्या थोरल्या भावाला हे काम पसंत नव्हतं. दादा म्हणाला, "त्या लोकांना आपल्या देवळांबद्दल काय वाटतं ते माहिती आहे ना तुला? राष्ट्रगीतसुद्धा म्हणत नाहीत. त्यांच्यासाठी तू डोळे फोडून घेतेस?"

मी त्याला केरळची गोष्ट सांगितली. १९८५ मध्ये तिथल्या एका शाळेतून साक्षीदार कुटुंबातल्या तीन भावंडांना काढून टाकलं, कारण ती राष्ट्रगीताला उभी राहत, पण म्हणत नसत. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ ऑगस्ट १९८६ रोजी निकाल लागला, 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य'. मुलं आदराने उभी राहतात, गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, त्यांना शाळेत परत घ्या. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी त्यात लिहिलं की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान सहिष्णुता सांगतं, आपलं संविधान सहिष्णुता आचरणात आणतं. ती पातळ करू नये. दादा म्हणाला, "ते न्यायालयाचं झालं." मी म्हटलं, दादा, मग तुरुंगांचं बघ. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, सानेगुरुजींनी ती तिथेच बसून उतरवून घेतली. इंग्रजांनी त्यांना राजकारणासाठी आत टाकलं होतं, प्रवचनाला कुणी हरकत घेतली नाही. इथे चार माणसांसमोर केलेलं प्रवचन हाच गुन्हा आहे. छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली प्रार्थना न्यायालयात पुरावा म्हणून दाखवतात. आपल्या घरातलं भजन असं कुणी टिपलं असतं तर बाबांचं काय झालं असतं?

दादा त्यावर काही बोलला नाही. त्याचं मत बदललं असा माझा दावा नाही. पण नंतर पाकिटांच्या टपालखर्चाला त्याने आपणहून पैसे दिले.

खटला संपून शिक्षा लागली की कच्चा कैदी पक्का होतो आणि त्याला दूरच्या वसाहतीत हलवतात. रशियात या वसाहती जुन्या श्रमछावण्यांच्या वळणाच्या आहेत, बराकी, हजेरी, शिवणकाम-सुतारकाम. हलवताना कुठे नेतायत ते घरच्यांनाही आधी सांगत नाहीत. आठवडेच्या आठवडे माणूस वाटेत असतो. या काळात गेलेली पत्रं परत येतात. परत आलेलं पाकीट पहिल्यांदा पाहून काकू खूप घाबरल्या होत्या. मी त्यांना समजावलं, माणूस फक्त हलला आहे, नवा पत्ता जाहीर होईल. झालाही. तेच पत्र नव्या पाकिटात घालून पाठवलं.

क्रिस्टेन्सेनला ल्गोव्हच्या वसाहतीत ठेवलं होतं. जून २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने उरलेल्या शिक्षेऐवजी चार लाख रुबल दंड ठोठावून सोडायचं ठरवलं, सरकारी वकिलांनी आव्हान दिलं आणि तो निर्णय रद्द झाला. २४ मे २०२२ रोजी शिक्षा पुरी करून तो सुटला आणि डेन्मार्कला गेला. त्याच महिन्यात अबाकानच्या वालेंतिना बारानोव्स्काया सुटल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांना दोन वर्षांची आणि त्यांचा मुलगा रोमान याला सहा वर्षांची शिक्षा झाली होती. बाई तेव्हा सत्तरीला आलेल्या, पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला. मंडळीतल्या आज्यांनी त्यांना लिहायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी आपापल्या गुडघ्यांबद्दल, साखरेबद्दल, ब्लडप्रेशरबद्दल लिहिलं. एका वयाच्या बायकांनी एकमेकींना लिहावं तसं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयानेच खालच्या न्यायालयांना सांगितलं की नुसतं एकत्र जमून उपासना करणं म्हणजे बंदी असलेल्या संस्थेचं काम नव्हे. आम्हाला वाटलं, आता सुटतील सगळे. काकूंनी पेढे आणले होते. काहींना लाभ झालाही, पण शिक्षा चालूच राहिल्या. ७ जून २०२२ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१७ ची बंदीच बेकायदा ठरवली आणि तुरुंगातल्यांना सोडायला सांगितलं. तोवर युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशिया युरोप परिषदेतून, म्हणजे हे न्यायालय ज्या देशांच्या संघटनेचं आहे तिच्यातून, बाहेर पडला होता आणि त्याने निकाल मानला नाही. आजवर आठशेहून अधिक साक्षीदारांवर खटले झाले आहेत आणि शंभराहून अधिक जण तुरुंगात आहेत.

युद्धानंतर आमच्या पत्रांना फार वेळ लागतो. काही पोचली की नाही ते कळतच नाही. वीजतंत्र्याची शिक्षा संपून तो घरी गेला, हे त्याच्याच पत्राने कळलं. घरून लिहिलेलं असल्यामुळे त्यावर शिक्का नव्हता. काकूंनी ते मंडळीत वाचून दाखवलं, मीही ऐकायला गेले होते.

मुलं आता कॉलेजात गेली. त्यातली एक मुलगी रशियन शिकते आहे आणि साधी पत्रं तिची तीच करते. पण हाताने लिहिलेली उत्तरं वाचणारं माणूस माझ्याशिवाय नाही, आणि माझे डोळे आता पूर्वीसारखे चालत नाहीत. पुण्या-मुंबईत रशियन शिकलेले पुष्कळ आहेत. तुम्ही कुठल्या धर्माचे, देव मानता की नाही, याने काही अडत नाही. शनिवारी दुपारी काकूंकडे बसतो. येणं शक्य नसेल तर कागदांचे फोटो पाठवता येतात. काय लिहायचं आणि काय गाळायचं त्याची यादी, स्तोत्रांच्या आकड्यांचा तक्ता आणि पाकिटाचा नमुना मी मराठीत तयार करून ठेवला आहे. आधी तो वाचायचा, मग सुरुवात एखाद्या लहान मुलाच्या पत्रापासून करायची.